प्रति: दुष्काळी माणूस आणि व्हिलागणिक स्विमिंग पूल
मालदीवच्या रिसॉर्टवर प्रत्येक व्हिलाला वेगळा स्विमिंग पूल, ही पाण्याची उधळपट्टी दुष्काळी भागातल्या माणसाला बघवत नाही, असं कुणीतरी लिहिलंय. आम्हा लातूरकरांना ते पटणारच. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलोय. पण रिसॉर्टवरचं गोडं पाणी सहसा बेटाच्या पोटातून उपसलेलं नसतं. समुद्राचं पाणी रिव्हर्स ऑस्मोसिसनं (म्हणजे पंपांच्या दाबानं बारीक पडद्यातून ढकलून, मीठ मागे ठेवून) गोडं करतात, आणि त्या पंपांना वीज बहुतेक ठिकाणी डिझेल जनरेटरची. म्हणजे उधळपट्टी आहेच, पण डिझेलची.

आमच्या रिसॉर्टवर पाहुण्यांना हे सगळं दाखवायला नेत होते (फुकट होतं, म्हणून गेलो). नारळीच्या झाडांआड एक खोली, आत एकावर एक रचलेल्या पांढऱ्या लांब नळ्या, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि शेजारीच काचेच्या बाटल्या धुवून भरणं चाललेलं. त्याच बाटल्या संध्याकाळी आपल्या पलंगाशेजारी! पाणी मात्र सपक. बोअरच्या जड पाण्यावर वाढलेल्या जिभेला तर फारच. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी चहाला नावं ठेवली. जाणार असाल तर रिसेप्शनला या फेरीबद्दल विचारा, आपणहून कुणी सांगत नाही.