मुलीची बारावी कॉमर्स झाली, वकील व्हायचं म्हणते. पाच वर्षांचा लॉ की आधी बी.कॉम.?

नंदनवनकर

नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या इतवारीत एका ठोक दुकानात बावीस वर्षांपासून हिशेब लिहितो. आमच्या घरात आजवर कोणी वकील झालं नाही, म्हणून इथे विचारून राहिलो.

मोठी मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली, 81 टक्के. वकील व्हायचं हे तिने टीव्ही पाहून ठरवलेलं नाही. गेल्या दिवाळीनंतर माझ्या भावाने हुडकेश्वरकडे प्लॉट घ्यायचं नक्की केलं. विक्रीपत्राचा मसुदा घरी आला. मी रक्कम बघितली, भावाने नावाचं स्पेलिंग बघितलं, झालं. पोरीने जेवण झाल्यावर तो मसुदा घेतला आणि सुधार प्रन्यासचं प्लॉट मंजुरीचं पत्र (आरएल लेटर), ले-आऊटचा नकाशा बाजूला ठेवून एकेक ओळ लावून वाचली. मसुद्यात चतुःसीमेत पूर्वेला रस्ता होता, नकाशात तो पश्चिमेला. खसरा नंबरातला एक आकडाही जुळत नव्हता. दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्याकडे गेलो तर तो म्हणाला, टायपिंगमध्ये चुकलं. दुरुस्त करून दिलं. पण मी रात्रभर झोपलो नाही. तसंच नोंदवलं असतं तर? त्या दिवसापासून मीही मनातून तिच्या बाजूने आहे.

आता चार जण चार रस्ते सांगून राहिले. लॉची राज्याची प्रवेश परीक्षा (सीईटी) तिने दिली आहे, गुण चांगले आहेत. कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, विद्यापीठाचं लॉ कॉलेज किंवा दीक्षाभूमीचं कॉलेज मिळू शकतं असं कळलं. एका खाजगी अभिमत विद्यापीठात पाच वर्षांच्या कोर्ससाठी फोन येऊन राहिले, फी वर्षाला लाखांत आहे, कर्ज काढावं लागेल. क्लासवाले म्हणतात वर्षभर थांबा, क्लॅटची (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) तयारी करा, वारंग्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात घाला. आणि साळा म्हणतो आधी जी. एस. कॉमर्स कॉलेजला बी.कॉम., सोबत सीए फाउंडेशन, लॉचं नंतर बघू.

उत्पन्न वर्षाला चार लाखांच्या आत आहे, आम्ही ओबीसीत येतो. तिची आई म्हणते खर्चाचा विचार करू नका, पण तो तर करावाच लागतो ना. कृपया स्वतःच्या अनुभवावरून सांगा.

जीएसचा_जुना

दादा, साळ्याचं ऐका. मी जी. एस.चाच, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे हे धरून चाला. 1945 पासूनचं कॉलेज आहे, वर्ध्याच्या शिक्षा मंडळाचं. नितीन गडकरीही नागपुरातच एम.कॉम. आणि एलएल.बी. झाले, म्हणजे कॉमर्सवरून लॉला जाणं आपल्याकडे नवीन नाही.

अठराव्या वर्षी पोरांना सगळंच आवडतं. बी.कॉम.ची तीन वर्षं हाताशी राहिली तर सीए, सीएस, बँक, एमपीएससी, लॉ असे सगळे रस्ते उघडे राहतात. सीए फाउंडेशनला आता वर्षातून तीन संधी मिळतात, चार पेपरांपैकी एक बिझनेस लॉचाच असतो. तिला कायदा खरंच जमतो का हे तिथेच कळेल. आर्टिकलशिपही, म्हणजे सीएकडची उमेदवारी, आता दोन वर्षांवर आली आहे. नंतर तीन वर्षांचा एलएल.बी. केव्हाही करता येतो.

सिव्हिललाइन्सची_वकील

भाऊ, तुमची पोस्ट दुपारी कोर्टात वाचली. उत्तर घाईत द्यायचं नव्हतं म्हणून आता घरी येऊन लिहिते आहे. मी 2011 पासून जिल्हा न्यायालयात आणि अधूनमधून हायकोर्टाच्या खंडपीठात काम करते.

मी स्वतः बी.कॉम. आणि मग तीन वर्षांचा लॉ केलेली. तरी मी सांगेन, मुलीला पाच वर्षांच्या कोर्सला घाला. वरच्या दादांचं सगळं बरोबर आहे, फक्त मुलीच्या बाबतीत एक गोष्ट त्यात येत नाही. माझं बी.कॉम. 2003 ला झालं. निकाल लागला त्याच महिन्यात घरी पहिलं स्थळ आलं. मी म्हटलं लॉला जाते, तर उत्तर मिळालं, पदवी झाली ना, आता अजून काय शिकायचं? एका पतसंस्थेत नोकरी धरली. एक वर्ष करता करता पाच वर्षं गेली. 2008 मध्ये लॉला नाव घातलं तेव्हा वर्गातल्या मुली माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान होत्या. घरच्यांनी माझं वाईट चिंतलं नव्हतं. पण पदवी हातात आली की आजूबाजूच्या सगळ्यांना मुलगी मोकळी झाली असं वाटतं. पाच वर्षांच्या कोर्सला मधे तो थांबा नाही. तुम्ही आज तिच्या बाजूने आहात हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. पण तीन वर्षांनी मामा, आत्या, आजी सगळे मिळून बोलायला लागतील तेव्हा एकट्या बापाला टिकून राहणं फार कठीण जातं. माझे वडीलही आधी माझ्याच बाजूने होते.

आता कॉलेजचं. विद्यापीठाचं लॉ कॉलेज 1925 पासूनचं आहे, लॉ कॉलेज चौकाला नाव त्याच्यावरूनच पडलं. देशाचे पुढे सरन्यायाधीश झालेले हिदायतुल्ला तिथे शिकवायचे. न्या. शरद बोबडे यांनीही नागपूर विद्यापीठातूनच कायद्याची पदवी घेतली. हे भिंतीवरच्या फोटोंचं कौतुक झालं, त्यावर प्रवेश ठरवू नका. मला त्या कॉलेजची दोन कारणं पटतात. एक, तिथून सिव्हिल लाइन्स गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. जिल्हा कोर्ट, खंडपीठ, दोन्ही तिथेच. तिसऱ्या वर्षापासून एखाद्या सीनियरकडे संध्याकाळी दोन तास बसता आलं तर पाचव्या वर्षाच्या शेवटी ती निम्मी वकील झालेली असते. दुसरं कारण पैशाचं. जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. आणि अभिमत विद्यापीठ व खाजगी विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. म्हणजे जिथून तुम्हाला फोन येऊन राहिले तिथे हा लाभ मिळणार नाही. कर्ज काढू नका. वकिलीची पहिली तीन-चार वर्षं हातात फार कमी पडतं. मी पहिल्या वर्षी सीनियरकडून जे घ्यायचे त्यात पेट्रोल आणि झेरॉक्स निघायचं. डोक्यावर हप्ता असलेली मुलगी कोर्टात टिकत नाही, ती कंपनीत नोकरी शोधते. नोकरी वाईट नाही, पण तिला जे करायचं होतं ते राहून जातं.

वारंग्याचं विद्यापीठ चांगलं आहे. 2016 मध्ये सुरू झालं, कॅम्पसवर राहून शिकायचं. क्लॅट पूर्ण इंग्रजीत असते, दोन तासांत 120 प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. आपली राज्याची सीईटी मराठीतही असते आणि तिथे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकीतल्या गुणांवरून दुसरीचा अंदाज बांधू नका. आणि त्यासाठी वर्ष रिकामं घालवायची गरज नाही. क्लॅट डिसेंबरात असते. आता मिळेल ती सीट घ्या, पहिलं सत्र करता करता परीक्षा देऊ द्या. नंबर लागला तर तेव्हा ठरवा.

राहिलं कॉमर्स. ते सोडू नका हे मी हात जोडून सांगते. माझी तिसऱ्या वर्षाची गोष्ट. सीनियरकडे चेक बाऊन्सची केस होती, कलम 138. आमचा अशील आरोपी, तीन लाखांचा चेक. फाइल मोठी, सगळे नोटिशीच्या तारखा मोजत होते, चेक परत आल्याचा बँकेचा मेमो कधी आला, तीस दिवसांत नोटीस गेली की नाही, पैसे द्यायला पंधरा दिवस मिळाले की नाही. मी तक्रारदाराच्या खतावणीचा उतारा घेऊन बसले. चेक दिल्यानंतर दोनदा आमच्या माणसाकडून जमा झालेली रक्कम त्याच्याच वहीत होती, एक लाख चाळीस हजार, आणि मागणी मात्र पूर्ण तीन लाखांची. उलटतपासणीत सीनियरने फक्त ते पान पुढे केलं. तक्रारदार स्वतःचं अक्षर बघत बराच वेळ गप्प उभा राहिला. पुढच्या तारखेला तडजोड झाली. ते पान मला दिसलं कारण मी पाच वर्षं पतसंस्थेत वह्या लिहिल्या होत्या. आपल्या नागपुरात आयकर अपील न्यायाधिकरण आहे, कर्जवसुली न्यायाधिकरण आहे. ताळेबंद वाचता येणारा वकील तिथे लागतोच. आणि तुमच्या मुलीला हे शिकायला बी.कॉम.च लागेल असं नाही, तिच्या घरात बावीस वर्षं हिशेब लिहिणारा माणूस आहे. रविवारी तिला तुमच्याजवळ बसवा, रोजमेळापासून ताळेबंदापर्यंत.

एक करा. फॉर्म भरायच्या आधी तिला एक दिवस जिल्हा कोर्टात आणा. खुल्या कोर्टात मागच्या बाकावर कोणीही शांत बसू शकतं. फोन बंद ठेवा. टीव्हीवरच्यासारखं काही दिसणार नाही, तारखाच पडताना दिसतील. तिला तरीही बसावंसं वाटलं तर बाकीचं जमेल.

जीएसचा_जुना

ताई, स्थळांचं तुम्ही लिहिलं ते वाचून थांबलो. माझ्या बहिणीचं अगदी असंच झालं, तिचं सीएचं इंटर अर्धवट राहिलं ते राहिलंच. मुलासाठी मी अजूनही बी.कॉम.च सांगेन. यांच्या मुलीसाठी माझं मत मागे घेतो.

दुसऱ्या_वर्षाचा_लॉ

काका, मी सध्या पाच वर्षांच्या कोर्सला आहे. एक सावधगिरी सांगतो. मी कॅपच्या पहिल्या फेरीआधी घाबरून एका खाजगी संस्थेत सीट घेतली होती. टीसी आणि मार्कशीट मूळ प्रती जमा करून घेतल्या. दुसऱ्या फेरीत चांगलं कॉलेज लागलं तेव्हा कागदपत्रं परत द्यायला तीन आठवडे फिरवलं. बाबांनी रजा टाकून चार चकरा मारल्या. रिपोर्टिंगची शेवटची तारीख संध्याकाळी पाचची होती, कागदं हातात आली दुपारी दोनला. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत असं यूजीसीचं स्पष्ट सांगणं आहे, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही मूळ प्रत दाखवा, पडताळून घेऊ द्या, आणि परत घेऊनच उठा.

हजेरीचंही बघा. बार कौन्सिलच्या नियमांत प्रत्येक विषयाला 70 टक्के लिहिलेली आहे. सोबत दुसरी नियमित पदवीही करता येत नाही. दोन्ही सोबत करून देतो म्हणणाऱ्या क्लासवाल्यांपासून दूर राहा.

नंदनवनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं उत्तर मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. तिची आई मधेच उठून आत गेली, नंतर म्हणाली, माझंही असंच झालं होतं. वीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. ती बारावीला शाळेतून पहिली होती.

मंगळवारी दुकानातून सुट्टी घेऊन पोरीला कोर्टात नेलं. अकरापासून दीडपर्यंत बसलो. मला तर अर्ध्या तासात पाय आखडल्यासारखं झालं, खरंच तारखांवर तारखा. ती वहीत लिहून राहिली होती. एका म्हाताऱ्या साक्षीदाराला प्रश्न समजत नव्हता, तर वकीलबाईंनी तोच प्रश्न तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारला. तो तिने तिन्ही वेळा उतरवून घेतला. बाहेर येऊन चहा घेताना म्हणाली, बाबा, तिसऱ्यांदा विचारलेला आधीच विचारायला पाहिजे होता.

काल ऑप्शन फॉर्म भरला. पहिल्या नंबरला विद्यापीठाचं लॉ कॉलेज, दुसऱ्याला दीक्षाभूमी. एक शेवटचं विचारतो, सेतूत उत्पन्नाचा दाखला एका वर्षाचा मागायचा की तीन वर्षांचा?

सिव्हिललाइन्सची_वकील

तीन वर्षांचा काढा, नॉन-क्रिमीलेअरला तोच लागतो. नॉन-क्रिमीलेअर पुढच्या 31 मार्चपर्यंत वैध आहे ना ते तारखेसकट बघून घ्या. जात वैधता प्रमाणपत्र अजून हातात नसेल तर उद्याच समितीकडे जा, वेळ त्यालाच लागतो. आणि तिला सांगा, तो तिसरा प्रश्न कसा होता ते मला कळवायचं.