अनुभव सांगा: फ्रेडी मर्क्युरी आणि झाकून ठेवलेलं आजारपण

काल भाच्याने गाडीत 'क्वीन' या इंग्लिश बँडचं, फ्रेडी मर्क्युरीने गायलेलं 'द शो मस्ट गो ऑन' लावलं आणि घर येईपर्यंत मला बोलता येईना.

१९९१ चा नोव्हेंबर. २३ तारखेला फ्रेडीने एड्स झाल्याचं जाहीर केलं, २४ च्या संध्याकाळी गेला. वय ४५. आमच्यापर्यंत दोन्ही बातम्या एकदमच पोचल्या. त्याआधी कितीतरी महिने लंडनचे पेपरवाले त्याच्या घराबाहेर टपून बसलेले, फोटोत तो वाळत चाललेला दिसायचा, आणि बँडमधले मित्र विचारेल त्याला सांगायचे, काही झालेलं नाही. मला तेव्हा फार राग आला होता. आपल्या माणसाने आपल्यापासूनच लपवलं असं वाटलं.

मग बाबांचं आजारपण आलं. त्यांनी आम्हाला दमच दिला, सोसायटीत कुणाला कळता कामा नये. गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या लोकांशी क्रिकेटवर कडाकडा भांडायचे. लोकही भांडायचे, कारण त्यांना काही ठाऊकच नव्हतं. तेव्हा मला फ्रेडी कळला. त्याला समाचाराला येणारे नको होते, गाणं हवं होतं.

लिहा तुम्हीही. फ्रेडीचं, नाहीतर घरातलं.

घाटमाथा
अहो आमच्या पाचगणीचा तो! खरं नाव फारुख बल्सारा. आठव्या वर्षी झांझिबारहून सेंट पीटर्सला बोर्डिंगमध्ये आला. पियानो इथंच शिकला, शाळेतल्या पोरांचा 'हेक्टिक्स' बँड होता त्यात वाजवायचा. आम्ही त्या गेटवरून रोज जायचो, घरात कुणी एका शब्दानं बोललं नाही. तो गेल्यावर पेपरात वाचलं.

सायली_पुणे
घाटमाथा दादा, यंदा स्ट्रॉबेरी कधीपासून? मागच्या वेळी पसरणी घाट चढून आलो आणि सगळी आंबट निघाली.

घाटमाथा
ताई जानेवारी-फेब्रुवारीत या. रस्त्यावरच्या गाड्यावर घेऊ नका, शेतावर जा.

रात्रपाळी
'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ज'चा व्हिडिओ बघा. मे १९९१ चा. कृष्णधवल ठेवलाय, चेहऱ्यावरचं आजारपण दिसू नये म्हणून. अंगात मांजरांची चित्रं असलेलं जाकीट, त्याचीच मांजरं. पाय उचलवत नव्हता म्हणून जवळजवळ एका जागी उभा आहे. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर १९८५ मध्ये वीस मिनिटांत अख्खं मैदान हलवणारा माणूस. मी तो व्हिडिओ कधीच पूर्ण बघू शकत नाही.

माईची_लेक
बाबांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. आमच्या माईने पण असंच केलं. पदराखाली गाठ झाकून माझं लग्न पार पाडलं. मंगळसूत्र घालताना हसत होती. नंतर लिहिते, दूध उतू जातंय.

सरळरेषा
मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. ७ नोव्हेंबर १९९१ ला बास्केटबॉलवाला मॅजिक जॉन्सन जगासमोर उभा राहून म्हणाला, मला एचआयव्ही आहे. फ्रेडीच्या जेमतेम अडीच आठवडे आधी. त्यानंतर घाबरलेल्या कितीतरी लोकांना धीर आला. फ्रेडी दोन वर्षं आधी बोलला असता तर?

समुपदेशक_सातारा
सरळरेषा, धीर आला हे खरं. पण मी बरीच वर्षं तपासणी केंद्रात बसले आहे, टेबलाच्या पलीकडून सांगते. गुणकारी एकत्रित औषधं १९९६ च्या सुमारास आली. आपल्या सरकारी दवाखान्यांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची ही औषधं, मोफत मिळायला लागली ती एप्रिल २००४ पासून. त्याआधी रिपोर्ट हातात आला की माणूस पहिलं विचारायचा, "घरी कळवणार का?" औषधाचं नंतर. कप वेगळा, ताट वेगळं, भाड्याची खोली रिकामी करायला लावलेली, सगळं पाहिलंय. २०१७ च्या कायद्यानुसार संमतीशिवाय कुणाचं एचआयव्ही असणं उघड करता येत नाही. सांगायचं की नाही हे ज्याला झालंय त्यानंच ठरवायचं. फ्रेडीनं जायच्या आदल्या दिवशी का होईना, स्वतःच्या तोंडानं सांगितलं. पेपरवाल्यांना ते मिळू दिलं नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

सरळरेषा
ताई, "घरी कळवणार का" हे वाचून थांबलो. पटलं.

थेम्सकाठ
आम्ही लंडनच्या हन्सलोला. शेजारच्या फेल्टममध्ये त्याच्या आईवडिलांचं घर, झांझिबारमधल्या क्रांतीनंतर १९६४ मध्ये आले ते तिथेच. २०१६ मध्ये घरावर निळी पाटी लागली, नामवंत राहिलेल्या घरांना लावतात ती. घर अगदी साधं. अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले, जगाने टोपणनावाने ओळखलेल्या मुलाला आईवडिलांच्या प्रार्थनांनी निरोप. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना ती पाटी दाखवायला नेलं. त्यांनी गाणं एकही ऐकलेलं नाही. म्हणाल्या, "आईला ठाऊक होतं का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

सायली_पुणे
थेम्सकाठ, तिकडे थंडी किती आता? बहीण येतेय पुढच्या महिन्यात.

थेम्सकाठ
भरपूर. थर्मल इथेच घ्यायला सांग, स्वस्त पडतात.

कॅसेटवाला
मोन्सेरात काबाये बाईंबरोबरचं 'बार्सिलोना' कुणी ऐकलंय का? १९८८ चा अल्बम. ऑपेराची एवढी मोठी गायिका, आणि हा तिच्यासमोर जराही दबत नाही. हे लोकांनी ऐकायलाच हवं, सारखं तेच तेच स्टेडियमवालं ऐकतात. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेली कॅसेट अजून वाजते. कुणाकडे चांगला डेक असेल तर सांगा, माझ्या डेकचा बेल्ट सैल झालाय आणि डोंबिवलीत दुरुस्त करणारा सापडत नाहीये.