तारखात्यातले कवी जेम्स बेरी
कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनला गेलेल्या कष्टकऱ्यांचे अंतरंग कुठे नोंदलेलेच नाही, या मताशी मी सहमत नाही, कारण जमैकाचे जेम्स बेरी (१९२४-२०१७) त्यांच्यातलेच एक होते. महायुद्धकाळात अमेरिकेत शेतमजुरी करताना वर्णद्वेषाचे चटके सोसून ते मायदेशी परतले, १९४८ मध्ये ब्रिटनला आले आणि सुमारे पंचवीस वर्षे तारखात्यात नोकरी करत असतानाच त्यांनी जमैकन बोलीतून कविता लिहिल्या. या वाटेवर जमैकन कवयित्री लुईझ बेनेट त्यांच्या आधी चालल्या होत्या, हेही नोंदवायला हवे. १९८१ मध्ये बेरी यांनी ब्रिटनची राष्ट्रीय काव्यस्पर्धा जिंकली. मात्र तिथल्या शाळांतील कृष्णवर्णीय मुलांना पुस्तकांत आपली माणसे भेटावीत म्हणून त्यांनी लिहिलेले बालवाङ्मय मला त्या पारितोषिकाहून मोठे वाटते.