प्रतिमा तपासायची की फाइल? डिजिटल इमेजिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेतील गुणदानाविषयी

डार्करूमकर (धागालेखक)

डिजिटल इमेजिंगच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाची प्रात्यक्षिक परीक्षा मी बरीच वर्षे घेतो आहे आणि प्रत्येक वेळी एकच खंत घेऊन परततो. विद्यार्थ्याने तीन तास दिलेल्या छायाचित्रावर काम करायचे, शेवटी एक जेपेग फाइल जमा करायची आणि आम्ही ती पडद्यावर पाहून गुण द्यायचे, अशी आमची रीत आहे. सुताराने केलेले कपाट पॉलिश झाल्यावर, दारे न उघडता तपासावे, तसा हा प्रकार मला वाटतो.

एक उदाहरण देतो. कमी उजेडात काढलेले छायाचित्र उजळायचे होते. एका विद्यार्थ्याने मूळ पिक्सेलवरच लेव्हल्स (उजेड-काळोखाच्या पातळ्या) ताणल्या, तर दुसरीने रॉ फाइलमध्येच (कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) एक्स्पोजर सावरून घेतले आणि उरलेले काम अ‍ॅडजस्टमेंट लेयर (मूळ पिक्सेल न बदलता वर चढवलेला दुरुस्तीचा थर) व मास्क (तो थर कुठे लागू व्हावा हे ठरवणारा पडदा) लावून केले. पडद्यावर दोन्ही प्रतिमा जवळजवळ सारख्या दिसत होत्या आणि गुणही सारखेच पडले. वास्तविक ८ बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक चॅनेलला (लाल, हिरवा, निळा यांपैकी प्रत्येक रंगाला) २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. पहिल्याच्या हिस्टोग्राममध्ये (छटांच्या विभागणीच्या आलेखात) कंगव्याच्या दातांसारख्या फटी पडल्या होत्या आणि काळोख्या भागातील छटांचे पट्टे मोठ्या छपाईत उघडे पडले असते. शिवाय ग्राहकाने दुसऱ्या दिवशी ‘चेहरा असू द्या, फक्त मागची भिंत थोडी गडद करा’ असे सांगितले असते, तर त्या विद्यार्थ्याला सगळे काम पहिल्यापासून करावे लागले असते.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की विद्यार्थ्याने मूळ छायाचित्र, सर्व लेयर शाबूत असलेली फाइल आणि अंतिम प्रतिमा अशा तिन्ही गोष्टी जमा कराव्यात, साठ टक्के गुण लेयरच्या फाइलला असावेत आणि प्रत्येकाची थोडी तोंडी परीक्षा व्हावी.

छपाईवाला

मी छपाईपूर्व विभागात काम करतो आणि या प्रस्तावाला माझा स्पष्ट विरोध आहे. छापलेल्या पानावर लेयर दिसत नाहीत. नोकरीसाठी येणारी मुले लेयरना सुबक नावे देतात, त्यांचे गट करतात, त्यांना रंगही देतात. अशाच एका फाइलमध्ये मी चाळीस लेयर मोजले होते, त्यांतले निम्म्याहून अधिक बंद होते आणि उरलेल्यांत एकच कर्व्ह (उजळपणा बदलणारी वक्ररेषा) तीन वेळा उलटसुलट लावलेला होता. ज्याला गुण, त्याचे प्रदर्शन होणारच. तुम्ही साठ टक्के देऊ केलेत, तर मुले फाइल सजवायला शिकतील.

अंतिम प्रतिमेवरच गुण द्यावेत, या मताचा मी आहे. मात्र पडद्यावरची प्रतिमा म्हणजे अंतिम प्रतिमा नव्हे. ए४ आकाराचे पान ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) छापायचे तर २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. ८०० पिक्सेल रुंदीचे चित्र घेऊन रिझोल्यूशनच्या चौकटीत ३०० हा आकडा टंकला की काम झाले, असे समजणारी मुले दर वर्षी भेटतात. काळ्या भागात चारही शाईंच्या (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) टक्क्यांची बेरीज ३०० टक्क्यांच्या पलीकडे गेली, की शाई वेळेत वाळत नाही आणि मागच्या पानाला डाग लागतो, हे तर पडद्यावर कधीच कळणार नाही. कागदावर छापून तपासा. तुमच्या उदाहरणातले पट्टेही तिथे आपोआप दिसतील.

नवी परीक्षक

दोघेही काय तपासावे याविषयी बोलता आहात. मला अडचण जाणवते ती कोण आणि कसे तपासतो याची. गेल्या खेपेस एकाच प्रतिमेला मी २५ पैकी १३ गुण दिले आणि सहपरीक्षकांनी २०. त्यांना गडद, नाट्यमय रंग भावले होते आणि मला त्वचेचा नारिंगी रंग खटकला होता. त्या विद्यार्थ्याचे कौशल्य आम्ही मोजले की आमची आवड, हे मला आजही सांगता येणार नाही.

वर्ल्डस्किल्स या आंतरराष्ट्रीय कौशल्यस्पर्धेत या प्रश्नावर एक व्यवहार्य तोडगा काढलेला आहे. तिथे मोजण्याच्या बाबी आणि निर्णयाच्या बाबी वेगळ्या ठेवतात. पिक्सेलसंख्या, ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेला छपाईचा भाग), रंगाचे प्रोफाइल (फाइलमधले आकडे नेमके कोणते रंग दाखवतात हे सांगणारी नोंद) यांवर एकतर गुण मिळतो किंवा मिळत नाही. निर्णयाच्या बाबींसाठी ० ते ३ अशी मोजपट्टी असते. ० म्हणजे उद्योगाच्या अपेक्षेपेक्षा कमी आणि १ म्हणजे त्या अपेक्षेइतके. तीन परीक्षक स्वतंत्रपणे अंक देतात आणि त्यांच्यात एकाहून अधिक अंतर पडले, तर चर्चा करून पुन्हा अंक द्यावे लागतात. ‘सौंदर्यदृष्टी – १० गुण’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘कापलेल्या वस्तूच्या कडेला जुन्या पार्श्वभूमीचा रंग राहिला आहे का’ असे विचारले, तर मतभेद पुष्कळ कमी होतील. मोजण्याच्या बाबी जितक्या वाढवता येतील तितक्या वाढवाव्यात, असे माझे मत आहे.

डार्करूमकर

@नवी परीक्षक, तीन परीक्षकांची सूचना मला मान्य आहे, पण शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे. मोजायला सोपे तेवढेच मोजायचे, अशी खोड गुणपत्रिकेला लागते. मी एक काम असे पाहिले आहे की त्यात रिझोल्यूशन बरोबर, प्रोफाइल जोडलेले, कडा स्वच्छ, फाइलचे नावसुद्धा सूचनेप्रमाणे होते. फक्त खोलीत उजेड डावीकडून येत होता आणि नव्याने बसवलेल्या खुर्चीची सावलीही डावीकडेच पडली होती. तुमच्या यादीनुसार त्याला पूर्ण गुण मिळाले असते. ज्याला ती सावली खटकत नाही त्याला प्रतिमा दिसतच नाही, असे मी म्हणेन, आणि या धंद्यात पाहता येणे हे निम्म्याहून अधिक काम आहे.

@छपाईवाला, बंद लेयरचा मनोरा मीही पाहिला आहे, त्यामुळे तुमचा आक्षेप खोडून काढता येत नाही. तरीही, छापलेले पान चांगले आले आणि फाइल दुरुस्त करता येण्याजोगी नसली, तर तुम्ही त्या मुलाला कामावर ठेवाल का?

शेवटचा बाक

मी अजून शिकते आहे, त्यामुळे माझे म्हणणे परीक्षा देणाऱ्याच्या बाजूचे आहे. आमच्या गुणपत्रिकेत ‘पेन टूलचा वापर – ५ गुण’ अशी ओळ होती. पेन टूल म्हणजे वस्तूभोवती रेघ (पाथ) आखून ती वेगळी काढण्याचे साधन. मी केसांच्या कडा चॅनेलवरून मास्क तयार करून काढल्या, कारण उडणाऱ्या केसांना पेनने पाथ काढला की ते कात्रीने कापल्यासारखे दिसतात. माझे पाच गुण गेले. साधनाच्या नावाला गुण देणे आधी थांबवावे, एवढी माझी विनंती आहे. आता तर एका क्लिकवर कटआउट निघते आणि उद्या कुठले बटण कुठे जाईल, हे कोणी सांगू शकत नाही.

तोंडी परीक्षेला माझा विरोध आहे. आमच्या वर्गात बोलण्यात पटाईत अशी काही मुले आहेत, ज्यांना असाइन प्रोफाइल आणि कन्व्हर्ट टू प्रोफाइल यांतला फरक तोंडपाठ सांगता येतो: पहिल्यात आकडे तेच राहतात आणि दिसणे बदलते, दुसऱ्यात दिसणे टिकवण्यासाठी आकडे बदलतात. पण हातात चुकीच्या प्रोफाइलची फिकट फाइल आली, की तीच मुले सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) वाढवू लागतात. उलट एखाद्या अबोल मुलीला नेमके काय बिघडले ते दिसते. परीक्षकासमोर तिला मांडता येत नाही, इतकेच. मुद्दाम पाच दोष घातलेले छायाचित्र छापून द्या आणि पेन्सिलीने त्यांभोवती गोल करायला सांगा. सावली चुकीची, क्लोन (नक्कल) केलेल्या विटा पुन्हा पुन्हा आलेल्या, शार्पनिंगमुळे (कडा ठळक केल्यामुळे) कडेला पांढरी रेघ, असे दोष चालतील. कोणाला दिसते हे तेवढ्यावरून कळेल.

छपाईवाला

पेन्सिलीची कल्पना मला पटली. आमच्याकडे प्रूफ तपासताना नेमके हेच करतात. धागालेखकांच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, हे मी कबूल करतो. पण मी त्या मुलाची फाइल उघडून लेयर मोजत बसत नाही, तर त्याला एक बदल सांगतो आणि किती वेळात करतो ते पाहतो.

डार्करूमकर

मग आपले भांडण बरेचसे मिटले, कारण लेयरना गुण देण्याऐवजी बदलाला गुण देता येतील. काम जमा झाल्यावर प्रत्येकाला त्याच्याच फाइलमध्ये एक बदल सांगायचा आणि दहा मिनिटे द्यायची. ज्याने पिक्सेलवरच सगळे रंगवून ठेवले आहे त्याला तो बदल जमणार नाही आणि ज्याने चाळीस लेयर रचले आहेत त्याला हवा तो लेयर सापडणार नाही. तोंडी परीक्षेचा आग्रह मी सोडतो. प्रतिमा निर्माण करून देणारी साधने आल्यापासून नुसती अंतिम प्रतिमा पाहून ती कोणाच्या कौशल्याने झाली हे सांगणे कठीण होत चालले आहे. दोष ओळखणे आणि बदल करणे या दोन्ही गोष्टी मात्र समोर बसूनच कराव्या लागतील.

नवी परीक्षक

चाळीस विद्यार्थी आणि प्रत्येकी दहा मिनिटे म्हणजे चारशे मिनिटे, अर्थात पावणेसात तासांच्या आसपास. परीक्षा एका दिवसात संपणार नाही.

डार्करूमकर

बदल सर्वांना एकाच वेळी, लिहून द्यावा. बदल कोणता असेल हे आधी कळू देऊ नये, एवढीच काळजी घ्यावी लागेल. बदल येणार हे माहीत असल्यामुळे मुले फाइल दुरुस्तीयोग्य ठेवतील, अशी शंका कोणी काढेल. तसे झाले तर मला हवेच आहे.

छपाईवाला

माझी एक अट राहते. प्रयोगशाळेतले सगळे पडदे कॅलिब्रेट केलेले (खरे रंग दाखवतील असे जुळवलेले) नसतील, तर रंगाचे गुण डोळ्यांनी देऊ नयेत. एका पडद्यावर निळसर दिसणारा करडा शेजारच्या पडद्यावर पिवळट दिसतो आणि विद्यार्थ्याला नशिबाचे गुण मिळतात. परीक्षेच्या छायाचित्रात एका कोपऱ्यात करड्या रंगाचे कार्ड ठेवून ते टिपावे. अंतिम आरजीबी फाइलमध्ये त्या कार्डावर लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे जवळजवळ सारखे आले, तर रंग तटस्थ आहे. छायाचित्रात मुद्दाम उबदार छटा ठेवायची असेल, तर विद्यार्थ्याने तसे एका ओळीत लिहून द्यावे.

शेवटचा बाक

ती ओळ लिहायला वेळ वेगळा मिळणार आहे, की त्याच तीन तासांत?