मदत हवी आहे: लसीच्या चाचणीत भाग घेतलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ पुण्यात असतो, एका नव्या लसीच्या चाचणीत भाग घ्यायचं म्हणतोय. इकडे सोलापुरात, अशोक चौकात आईचा जीव टांगणीला लागलाय. औषध-लसींच्या चाचण्यांसाठीच्या २०१९ च्या सरकारी नियमांनुसार लेखी संमती लागते, मधूनच बाहेर पडता येतं, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत असतात, हे सगळं तिला सांगितलं. पण तिला अनुभवाचं बोलणं हवंय.

सोलापुरात कुणी असा स्वयंसेवक झालाय का? टोचल्यावर तपासण्या किती महिने चालल्या? रात्री ताप चढला तर फोन कोण उचलायचं? तेलुगूत बोलणारं कुणी भेटलं तर फारच बरं, मनातली भीती आई त्याच भाषेत बोलते. मला भावाचा अभिमानच आहे. त्याला शुक्रवारी सही करायचीय.