अनुभव धागा: तालुक्याच्या गावातली अंगणवाडी पारखायची कशी?

तीन वर्षांच्या मुलासाठी तालुक्याच्या गावात पर्याय मोजकेच. वॉर्डातली अंगणवाडी, पालिकेच्या शाळेला जोडून बालवाडी असली तर ती, नाहीतर फी भरून नर्सरी. ज्यांचा याच्याशी रोजचा संबंध आहे त्यांनी नेमकं लिहा.

अंगणवाडी सेविका
नाव घालायला येताना जन्मदाखला, माता-बाल संरक्षण कार्ड, आईचं आधार आणि चालू मोबाइल नंबर आणा. बाळंतपण माहेरी झालं असेल तर मुलाची नोंद बहुधा तिकडच्याच अंगणवाडीत असते. तिथल्या ताईंना पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप) आधी स्थलांतर करायला सांगा, नाहीतर नवी नोंद अडते. ३ ते ६ वर्षांच्या मुलाला अंगणवाडीच्या रोजच्या आहारातून ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, वर्षातून किमान ३०० दिवस. शहरी भागात खिचडी बऱ्याचदा बचत गटाकडून शिजून येते. ती उशिरा आली की मुलं उपाशीच घरी पळतात. म्हणून डबा किती वाजता येतो, हे विचाराच.

मुख्य सेविका (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका)
वजन-उंचीच्या दिवशी पालकांनी समोर थांबावं. काटा शून्यावर आहे ना, चप्पल आणि जाड कपडे काढले ना, टाचा आणि डोकं पट्टीला टेकलंय ना, हे बघा. अंबाडा किंवा वर बांधलेली वेणी सोडा. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजतात, त्यापुढे उभं करून. एखाद्या सेंटिमीटरच्या चुकीनेही काठावरचं मूल श्रेणी बदलतं. मग खरं कुपोषण सुटतं किंवा धडधाकट मूल मॅममध्ये (मध्यम तीव्र कुपोषणाच्या श्रेणीत) जातं.

पहिलीच्या शिक्षिका
‘एबीसीडी येतं का?’ यावरून अंगणवाडी तोलू नका. मुलापुढे सात चिंचोके ठेवा. एकेकाला बोट लावून ते सातपर्यंत मोजेल. लगेच विचारा, “किती आहेत?” पुन्हा एकपासून मोजायला लागलं, तर आकडे पाठ आहेत, संख्या अजून कळलेली नाही. तसंच ‘काठी, काकडी, पाटी’ यातला वेगळ्या आवाजाने सुरू होणारा शब्द ओळखता येतो का बघा. तो ओळखणारी मुलं वाचायला लवकर लागतात. तीन-साडेतीनच्या मुलाच्या हातात दुरेघी वही देऊ नये. बोटांत ताकद येईपर्यंत माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडणं हेच लेखनाचं काम. फळ्यावर बाराखडी आणि खेळणी कपाटात कुलूपबंद, अशी खोली दिसली तर मला काळजी वाटते, मग ती सरकारी असो की खाजगी.

पालक, अंगणवाडी समिती
पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण हवीत. जानेवारीतलं मूल थोडक्यात हुकतं आणि पुढच्या जूनपर्यंत थांबतं. अंगणवाडीची मर्यादा मात्र सहाव्या वाढदिवसाला संपते, म्हणजे मधले पाच महिने मोकळे. जवळच्या शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग आहे का, हे दिवाळीतच विचारून ठेवा.