पराभवाचं खापर एकट्या किकरवर? पटत नाही

गोदाकाठ: 'किकरला आठवडाभर एकच काम असतं, तेही जमत नसेल तर घरी बसवा,' असं काल इथे एकाने बेअर्स या अमेरिकन फुटबॉल (एनएफएल) संघाच्या पार्कीचं नाव घेऊन लिहिलं. किकर म्हणजे गोलपोस्टच्या दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून बॉल लाथेने मारणारा. डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय. ६ जानेवारी २०१९, ईगल्स १६, बेअर्स १५. पार्कीची ४३ यार्डांची शेवटची किक डाव्या खांबावर आणि मग आडव्या दांडीवर आपटून मैदानात परत पडली. लोकांना तेवढंच आठवतं. पण त्याआधी बॉलला ईगल्सच्या हेस्टरची बोटं लागली होती, आणि दुसऱ्या दिवशी लीगने ती किक ब्लॉक (अडवलेली) म्हणूनच नोंदवली. बेअर्सच्या १५ पैकी ९ गुण पार्कीच्या तीन किकचे. चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, मिनिटभर राहिलेलं असताना ईगल्सच्या टेटला टचडाउन (बॉल मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये नेणं) करू दिलं ते बचावफळीने. मग 'किकरने हरवलं' कसं?

लेकशोअर: असहमत. बोटं लागली कारण किक खालून निघाली. बॉल टेकवतात तो स्नॅपच्या (जिथून तो मागे फेकतात त्या जागेच्या) मागे सात-आठ यार्डांवर. तेवढ्या अंतरात तो समोरच्या रांगेतल्या लाइनमनच्या वर केलेल्या हातांवरून जायला हवा, हे किकरचंच काम. नोव्हेंबरात लायन्सविरुद्ध याच माणसाने एका सामन्यात चार वेळा खांब हलवले होते. नियमित हंगामात ३० पैकी २३ किक आत. कोचने आणखी काय करायचं?

गोदाकाठ: दुसरा किकर आणायचा! चार वेळा खांबाला लागल्यावरही जानेवारीत तोच मैदानात असेल, तर तो निर्णय पार्कीने घेतला का?

दवबिंदू: मुळात ते टाइमआउटचं थेर बंद करा. पार्कीची पहिली किक आत गेली होती, पण ईगल्सचा कोच पीडरसनने स्नॅपच्या क्षणभर आधी टाइमआउट घेतलेला. हा खेळ नाही, रडीचा डाव आहे.

लेकशोअर: नियमात बसतं. विषय तो नाही.

तिसरा डाउन: कोचचा दोष बघायचाय तर त्याच बेअर्सचा २७ ऑक्टोबर २०१९ चा चार्जर्सविरुद्धचा सामना बघा. ४३ सेकंद बाकी, हातात टाइमआउट, आणि कोच नेगीने गुडघा टेकायला लावला, म्हणजे पुढे न सरकता डाव तिथेच संपवला. किकर पिन्येरोची ४१ यार्डांची किक डावीकडून बाहेर, १७-१६ ने हार. हॅशच्या दोन रेषांमधलं (ज्यांच्यावर किंवा ज्यांच्यामध्ये बॉल ठेवून डाव सुरू होतो) अंतर १८ फूट ६ इंच, गोलपोस्टच्या खांबांमधलंही तेवढंच. म्हणजे डाव्या हॅशवरून नाकासमोर मारलेला बॉल थेट डाव्या खांबाकडे जातो. उजव्या पायाच्या किकरचा बॉल बहुधा डावीकडेच वळतो. एक साधी धाव मध्यभागी घेतली असती तर कोन सुटला असता, दोन-चार यार्डही मिळाले असते.

लेकशोअर: आणि फंबल झाला असता, बॉल हातातून सुटला असता तर? तेव्हा तुम्हीच ओरडला असता, 'गुडघा का नाही टेकला!' ४१ यार्ड म्हणजे काही लांब नाही.

तिसरा डाउन: ओरडलो नसतो. उगाच माझ्या तोंडी वाक्यं घालू नका.

पानगळ: होल्डरचं, म्हणजे किकसाठी बॉल टेकवून धरणाऱ्याचं, नाव कोणीच काढत नाही. १० जानेवारी २०१६, व्हायकिंग्ज ९, सीहॉक्स १०. व्हायकिंग्जचा किकर वॉल्श २७ यार्डांवरून चुकला. फोटो बघा, बॉलच्या लेसेस (शिवणीचे दोर) त्याच्याकडे तोंड करून आहेत. त्या गोलपोस्टकडे हव्यात. शिवणीवर पाय बसला की आघात सरळ लागत नाही. लाँग स्नॅपर, म्हणजे होल्डरकडे बॉल मागे फेकणारा, बॉलचे फेरे मोजून टाकतो, म्हणजे होल्डरच्या हातात येताना लेसेस बरोबर असाव्यात. होल्डर अर्धा यार्ड पुढे-मागे बसला तरी गणित चुकतं, मग टेकवताना फिरवावा लागतो. स्नॅपपासून किकपर्यंत वेळ सव्वा सेकंदाच्या आसपास, त्या दिवशी तापमान उणे २१ सेल्सियस, बॉल दगडासारखा. आणि संघाचे नऊच्या नऊ गुण वॉल्शचे!

लेकशोअर: २७ यार्ड हो! २०१५ पासून टचडाउननंतरची एका गुणाची किकसुद्धा ३३ यार्डांची आहे. खुद्द वॉल्श म्हणाला की होल्ड कसाही असो, ती मारायलाच हवी होती. तुम्ही कशाला त्याची वकिली करताय?

पानगळ: तो मोठ्या मनाचा म्हणून सगळं अंगावर घेतलं. त्याने लेसेस फिरत नाहीत! होल्डर बहुतेक वेळा पंटरच (हातातून सोडलेला बॉल लांब लाथाडणारा) असतो, कारण सरावात किकरबरोबर तोच रिकामा असतो. थंडीत ओल्या, कडक बॉलवर त्याच्याकडून किती होल्ड करून घेतले, हे स्पेशल टीमच्या (किकसाठीच्या तुकडीच्या) कोचला विचारायला नको?

लेकशोअर: विचारा. पण २७ यार्डांवर मी वॉल्शलाच धरणार.

तिसरा डाउन: मग रेव्हन्सचा किकर कंडिफचं काय? २२ जानेवारी २०१२, रेव्हन्स २० विरुद्ध पेट्रियट्स २३. ३२ यार्डांची किक. कंडिफ धावत मैदानात आला, प्ले क्लॉक (डाव सुरू करायची मुदत) संपत आलेलं, ना नेहमीची पावलं मोजायला वेळ, ना श्वास घ्यायला. किक डावीकडे. कोच हार्बोच्या हातात टाइमआउट शिल्लक होता, तो तसाच राहिला.

लेकशोअर: ते मान्य. टाइमआउट हाताशी असताना किकरला धावायला लावणं ही कोचचीच चूक, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. तरी त्याआधी रेव्हन्सच्याच एव्हान्सच्या हातातून एंड झोनमध्ये बॉल सुटला, तो झेलला असता तर किकची वेळच आली नसती.

गोदाकाठ: अहो, मी पहिल्यापासून दुसरं काय सांगतोय?

लेकशोअर: कंडिफपुरतं मान्य म्हटलं. पार्की नाही. किक खालूनच निघाली होती, ती चित्रफीत हळू करून बघा.